पॉलिप काढला, पण पुढची तारीख ठरली का?

एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने पोटाच्या आत बघण्याच्या खोलीत माझं काम डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून पॉलिप कापणाऱ्या तारेचा फास उघडण्या-मिटण्याचं. निघालेला तुकडा बाटलीत घालायचा, बाटलीवर पेशंटचं नाव आणि आतड्यातली जागा लिहायची. बोलण्याचं काम मात्र खोलीबाहेर असतं. माणसं रिपोर्ट घेऊन येतात, कागदावर ‘पॉलिप’ वाचूनच धाबं दणाणलेलं असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘सिस्टर, कॅन्सर तर नाही ना?’ बहुतेकदा नसतो. तसं सांगितलं की हायसं वाटून फाइल मिटते आणि माणूस निघतो. ‘मग आता परत कधी तपासायचं?’ हे विचारणारे मोजकेच. मला विचाराल तर पॉलिपच्या बाबतीत खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर कशावरून निघतं हे पेशंटला स्वतःला कळायला हवं. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

पॉलिप म्हणजे काय, आणि साधा म्हणजे किती साधा

अन्नमार्गाच्या आतल्या अस्तराच्या पेशी एखाद्या जागी गरजेपेक्षा जास्त वाढल्या की तिथे उंचवटा तयार होतो. तो पॉलिप. कधी देठावर लोंबतो, कधी बूड पसरून बसतो, तर कधी इतका सपाट असतो की पाण्याने धुऊन, प्रकाश बदलून बघितल्याशिवाय नजरेत येत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही होऊ शकतो, पण सगळ्यात जास्त सापडतो मोठ्या आतड्यात. त्यामुळे पुढचं बरंचसं मोठ्या आतड्याबद्दलच आहे.

साध्या पॉलिपचे ढोबळ दोन गट पडतात. पहिला गट साधा असतो आणि साधाच राहतो: गुदाशयात आणि त्याच्या लगतच्या भागात दिसणारे छोटे हायपरप्लास्टिक पॉलिप, आतड्याला जुनी सूज असलेल्यांमध्ये दिसणारे सुजेचे पॉलिप, लहान मुलांमध्ये एखादाच असणारा आणि न दुखता रक्त पडायला लावणारा ज्युव्हेनाइल पॉलिप. दुसरा गट आज साधा असतो, पण वर्षानुवर्षं आत राहिला तर त्यातल्या काहींमध्ये पुढे कॅन्सर होऊ शकतो. अ‍ॅडेनोमा या गटातला, आणि सपाट वाढणारा ‘सेसाइल सेरेटेड’ही. या प्रवासाला साधारण १० वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि बहुतेक अ‍ॅडेनोमा तिथवर कधी पोचतच नाहीत. अडचण एवढीच की कोणता पोचेल हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून दिसला की काढतात.

गुदाशयाच्या वरचा पॉलिप पोट न उघडता काढता येतो, ही तशी अलीकडची गोष्ट. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या दोन डॉक्टरांनी लवचिक दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन हे सुरू केलं. त्याचा उपयोग किती, हे अमेरिकेतल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ने दाखवून दिलं. अ‍ॅडेनोमा काढलेल्या लोकांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला, असं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच लोकांचा पुढे माग ठेवला तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यू ५३ टक्क्यांनी कमी होते, हे २०१२ मध्ये. तेव्हा पॉलिप सापडला म्हणून कपाळाला हात लावू नका. तपासणी ज्यासाठी होती तेच झालं.

‘मूळव्याधच असणार’

पॉलिपची बहुतेकदा कसलीच जाणीव होत नाही. पोट दुखत नाही, भूक जात नाही. ‘मला काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

त्रास झालाच तर रक्ताने होतो. शौचाबरोबर लाल रक्त दिसतं, आणि माणूस स्वतःच निदान करून मोकळा होतो: मूळव्याध. असेलही. पण मूळव्याध असली म्हणजे वर पॉलिप नाही असं होत नाही. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रक्त जात असेल, तर नुसती बाहेरून पाहून दिलेली मलमं लावत वर्ष काढू नका. दुसरी खूण आणखी मुकी. रक्त दिसतच नाही, पण थोडं थोडं झिरपत राहतं आणि रक्ततपासणीत लोह कमी येतं. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी येण्याला काही स्पष्ट कारण सापडत नसेल, तर लोहाच्या गोळ्या सुरू करून विषय मिटत नाही. वरून आणि खालून दोन्हीकडून आत बघावं लागतं. क्वचित गुदाशयातला मोठा, केसाळ पृष्ठभागाचा अ‍ॅडेनोमा इतका चिकट स्राव सोडतो की जुलाब लागल्यासारखं होतं आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं.

शौचाची ‘फिट’ नावाची तपासणी मिळते. ती पॉलिप शोधत नाही, रक्ताचा अंश शोधते. छोटे पॉलिप रक्त सोडत नाहीत, त्यामुळे ती नॉर्मल आली म्हणजे आत पॉलिप नाही असा अर्थ काढू नका. पण ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं. ‘परत एकदा फिट करून बघू, नॉर्मल आली तर सोडून देऊ’ असं करणारे भेटतात. तसं करू नका. एकदा रक्त सापडलं की ते कुठून आलं हे बघायलाच हवं.

त्रास नसताना तपासणी कधी सुरू करायची? अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण माणसाला ४५ व्या वर्षापासून सांगतात. बऱ्याच ठिकाणी ५० धरतात. आईवडील, सख्खं भावंड किंवा मूल यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते.

पोट साफ करण्याचं औषध: इथेच सगळं जिंकता किंवा हरता येतं

लोकांना भीती असते दुर्बिणीची. खरा कंटाळवाणा भाग असतो आदल्या संध्याकाळचा, आणि त्यातच हयगय होते. म्हणून इथे मी जरा लांबण लावणार आहे.

आदल्या दिवशी चोथा कमी असलेलं खाणं: बिया, साली, पालेभाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं टाळायची. नंतर फक्त पातळ आणि आरपार दिसणारं. लाल आणि जांभळ्या रंगाचं काही प्यायचं नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, धुतला तरी निघत नाही.

जुलाबाचं औषध दोन भागांत घ्या: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचं. सकाळी ९ ची वेळ असेल तर पहाटे उठणं आलं. ‘रात्रीच सगळं घेतो, झोपमोड नको’ हा सौदा महागात पडतो. लहान आतड्यातून रात्रभर पित्त आणि चिकट स्राव उतरत राहतो आणि नेमका मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसतो. सपाट सेरेटेड पॉलिप राहतात तेही तिथेच, आणि त्यांच्यावर मुळातच चिकट पदार्थाचा थर असतो. म्हणजे जिथे नजर सगळ्यात स्वच्छ हवी तिथेच चिखल.

औषध गार करून घ्या, स्ट्रॉने जिभेच्या मागच्या बाजूला ओढा, मळमळलं तर अर्धा तास थांबून परत सुरू करा. गुदद्वाराभोवती सुरुवातीलाच पेट्रोलियम जेली लावून ठेवा. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर माझी आठवण काढाल. शेवटी बाहेर पडणारं पाणी पिवळट आणि आरपार दिसायला हवं, तळ दिसेल इतकं. तपकिरी, गढूळ, कण असलेलं येत असेल तर ‘होईल हो, आत डॉक्टर धुतील’ म्हणून येऊ नका. निघायच्या आधी फोन करा. आम्ही आणखी औषध देऊ शकतो, वेळ पुढे ढकलू शकतो. भूल देऊन अर्ध्यावर दुर्बीण बाहेर काढायची वेळ आली की कुणालाच बरं वाटत नाही.

गोळ्यांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आणि ती चालू आहे हे लपवायचंही नाही. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन आणि त्यांच्या नव्या भावंडांचं काय करायचं, किती दिवस आधी थांबायचं, हे ज्यांनी ती सुरू केली ते डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर मिळून ठरवतात. स्टेंट बसवलेल्या माणसाने ‘रक्त येईल’ या भीतीने परस्पर गोळी थांबवली तर पॉलिपपेक्षा मोठं संकट ओढवतं. मधुमेहाची औषधं आणि इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीच्या मापाने घ्यायचं नाही. त्या दिवसाचं माप आधी विचारून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तोही सांगा, कारण फॉस्फेटची जुलाबाची औषधं अशा माणसांना चालत नाहीत.

आत काय होतं

दुर्बीण आधी शेवटपर्यंत, म्हणजे मोठं आतडं सुरू होतं तिथवर नेतात. नीट बघतात ते मागे येताना. काही काढायचं नसलं तरी मागे यायला निदान ६ ते ८ मिनिटं द्यावीत असा दंडक आहे, आणि चांगले डॉक्टर घड्याळाकडे बघत नाहीत, आतड्याच्या घड्यांच्या मागे बघतात.

छोटा पॉलिप दिसला की मला ‘उघडा’ असं सांगतात. पडद्यावर तारेचा फास उमलतो, पॉलिपभोवती बसतो, सोबत दोन मिलिमीटर चांगलं अस्तरही घेतो. ‘मिटा.’ मी मूठ हळूहळू आवळते, टच्‌कन तुटल्याचं हाताला कळतं. जागेवर थोडं रक्त झिरपतं आणि आम्ही बघत असतानाच थांबतं. १० मिलिमीटरपेक्षा छोट्यांना हल्ली असंच, वीज न वापरता काढतात. मोठा असेल तर त्याच्याखाली निळा द्रव टोचून तो भिंतीपासून उचलायचा आणि मग विजेचा फास. गरज पडली तर जखमेवर क्लिप. तुकडा ओढून घेतला की तो जाळीच्या डबीत येतो. तिथून चिमट्याने उचलून फॉर्मलिनच्या बाटलीत. वेगवेगळ्या जागचे पॉलिप वेगवेगळ्या बाटल्यांत, कारण उद्या त्यातल्या एकात काही वावगं निघालं तर तो नेमका कुठला होता हे कळायला हवं.

या सगळ्यात दुखत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची जाणीव नसते; कळ येते ती आतडं फुगण्या-ताणण्याने.

घरी गेल्यावर

भूल दिली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. एखाद-दुसरी रक्ताची रेघ दिसली तर घाबरू नका. पण गाठींसारखं किंवा परत परत रक्त पडणं, पोट कडक होऊन वाढत जाणारं दुखणं, ताप, चक्कर यांपैकी काही झालं तर रात्र असो की सुट्टी, हॉस्पिटल गाठा. रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, आणि तो होतो तेव्हा माणूस सगळं विसरून गेलेला असतो. मोठा पॉलिप काढला असेल तर त्या काळात लांबचा प्रवास ठरवू नका. क्लिप लावली असेल तर ती आपोआप गळून पडते. तोवर एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा.

दोन कागद वेगवेगळे असतात

एक कागद त्याच दिवशी मिळतो, दुर्बिणीचा. दुसरा काही दिवसांनी, बायोप्सीचा, म्हणजे निघालेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा. कित्येक जण दुसरा न्यायला येतच नाहीत. पहिला बरा होता ना, मग झालं, असा हिशेब. पण तारीख ठरते दोन्ही कागद शेजारी ठेवून.

पहिल्यावर हे बघा: दुर्बीण शेवटपर्यंत पोचली का. पोट किती साफ होतं. पुष्कळ ठिकाणी बोस्टन मोजपट्टीने ३ भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात, आणि प्रत्येक भागाला निदान २ हवेत. पॉलिप किती, कुठे, किती मिलिमीटरचे. अख्खा निघाला की तुकड्यातुकड्यांनी. नुसता नमुना घेतलाय की पॉलिप पूर्ण काढलाय, ही तर फार घोळाची जागा. ‘बायोप्सी केली’ याचा अर्थ पॉलिप निघाला असा नाही.

दुसऱ्या कागदावर असते जात: हायपरप्लास्टिक, ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, ट्युब्युलोव्हिलस, व्हिलस (केसाळ पृष्ठभागाचा), सेसाइल सेरेटेड. आणि त्यापुढे ‘लो ग्रेड डिस्प्लेसिया’. हे शब्द इंटरनेटवर शोधून लोक रडवेले होऊन फोन करतात. लो ग्रेड डिस्प्लेसिया म्हणजे पेशींमधला सौम्य बिघाड, कॅन्सर नव्हे. प्रत्येक अ‍ॅडेनोमात तो असतोच. अ‍ॅडेनोमाची व्याख्याच ती आहे. ‘हाय ग्रेड’ लिहिलं असेल तर मात्र डॉक्टरांसमोर बसून बोला: पूर्ण निघाला का, कडा स्वच्छ आहेत का, परत कधी बघायचं.

आता तारखा. २०२० च्या अमेरिकन शिफारशींनुसार:

काहीच सापडलं नाही, किंवा खालच्या भागात फक्त छोटे हायपरप्लास्टिक होते: १० वर्षं.
१० मिलिमीटरपेक्षा छोटे १ किंवा २ ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा: ७ ते १० वर्षं.
तसलेच ३ किंवा ४: ३ ते ५ वर्षं.
५ ते १० अ‍ॅडेनोमा, किंवा एखादा १० मिलिमीटर वा मोठा, व्हिलस अंश असलेला, हाय ग्रेड असलेला: ३ वर्षं.
१० हून जास्त अ‍ॅडेनोमा: १ वर्ष.
२० मिलिमीटर किंवा मोठा, तुकड्यातुकड्यांनी काढलेला: ६ महिने, तीच जागा परत बघायला.

त्याच वर्षीच्या युरोपियन शिफारशी आणखी सैल आहेत. १० मिलिमीटरपेक्षा छोटे, लो ग्रेडचे ४ पर्यंत अ‍ॅडेनोमा असतील तर त्यांच्या मते खास पाठपुराव्याची गरजच नाही, बाकी सगळ्यांसारखी नेहमीची तपासणी पुरे. म्हणून शेजारच्याला ‘दहा वर्षांनी या’ आणि तुम्हाला ‘सात’ सांगितलं तर कुणी चुकतंय असं नसतं. ह्या तारखाही पोट साफ होतं आणि दुर्बीण शेवटपर्यंत पोचली होती, असं धरूनच आहेत. तसं नसेल तर बहुधा वर्षाच्या आत परत करावी लागते, पॉलिप सापडो न सापडो.

उलट टोकाचेही लोक असतात. दोन छोटे पॉलिप निघाले आणि भीतीने दर वर्षी कोलोनोस्कोपी मागतात. त्याने सुरक्षितता वाढत नाही. भूल आणि आतड्याला इजा होण्याचा छोटासा धोका मात्र दर वेळी नव्याने घेतला जातो. दिलेल्या तारखेआधी रक्त दिसलं, वजन उतरलं, शौचाची सवय बदलून तशीच राहिली, तर तारखेची वाट बघायची नाही, हे वेगळं.

जठरातले पॉलिप

इथे हिशेब वेगळा. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये फंडिक ग्लँड पॉलिप दिसतात. ते सहसा निरुपद्रवी, आणि त्या गोळ्या खरंच अजून हव्यात का हे डॉक्टरांना विचारायचं निमित्त. जठरातले हायपरप्लास्टिक पॉलिप बरेचदा हेलिकोबॅक्टर जंतूच्या सुजेतून येतात, आणि जंतूचा उपचार केल्यावर त्यातले काही आपोआप जिरतातही. अ‍ॅडेनोमा मात्र जठरातही काढायचाच. सोनोग्राफीत दिसणारा पित्ताशयाचा पॉलिप हे पूर्णपणे निराळं प्रकरण आहे. त्याला ना ही एंडोस्कोपी लागते ना वरच्या तारखा.

पथ्याचं विचारतातच

मोठ्या आतड्यातला अ‍ॅडेनोमा विरघळवून टाकणारं पथ्य किंवा काढा नाही. तंतुमय आहाराने पॉलिप परत येणं थांबतं का, हे अमेरिकेत मोठ्या चाचणीत तपासलं. २००० मध्ये उत्तर आलं की सुमारे ४ वर्षांत तरी फरक पडला नाही. तंतुमय खाणं इतर कारणांनी चांगलंच आहे, खा. पण ‘मी आता नीट खातो, म्हणून तपासणी नको’ हे चालणार नाही. खरा उपयोग होतो तो तंबाखू-सिगारेट सोडण्याचा, दारू आणि वजन कमी करण्याचा, प्रक्रिया केलेलं आणि लाल मांस कमी खाण्याचा. अ‍ॅस्पिरिनबद्दल वाचून ती स्वतःहून सुरू करू नका. पोटात रक्तस्राव करणारी गोळी आहे ती.

घरच्यांना काय सांगायचं

१० हून जास्त अ‍ॅडेनोमा निघाले, किंवा ओठांवर-तोंडात काळपट ठिपके असून लहान आतड्यातही पॉलिप आहेत, तर हे आनुवंशिक असू शकतं. तिथे जनुकीय सल्ला घ्यावा लागतो आणि मुलांची तपासणी फार लवकर सुरू होते.

बाकीच्यांनीही भावंडांना आणि मुलांना सांगायला हवं, आणि नेमकं सांगायला हवं. ‘पॉलिप होता, काढला’ एवढ्याने त्यांच्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. १० मिलिमीटर वा मोठा, व्हिलस अंशाचा किंवा हाय ग्रेडचा अ‍ॅडेनोमा तुम्हाला असेल, तर तुमच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणीही ४० व्या वर्षी किंवा त्याआधी सुरू करायला सांगतात. छोटा हायपरप्लास्टिक असेल तर त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही. म्हणून दोन्ही कागदांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाका, आणि खाली तुमचं त्या वेळचं वय लिहा.